ओवाळणीत मागितलेली साक्ष

बोरिवली (पूर्व)
२८ मार्च २०२५

जयवंत,

तुझा फोन लागत नाही. सुगंधाला केला तर म्हणाली, "ताई, ह्यांना वरून सांगितलंय, प्रकरण मिटेपर्यंत तुमच्याशी फोनवर बोलायचं नाही. माझ्यावर रागावू नका." बायकोवर कशाला रागवायचं? चेंबूरला तुमच्या पोलीस लाइनीत पोस्टमन अजून येतो, म्हणून लिहितेय. बहिणीचं पत्र घेऊ नको असं सांगायचं कुणाला सुचलं नसेल.

परवा मंत्र्यांनी सभागृहात निवेदन केलं. मी शाळेच्या ऑफिसात मोबाइलवर ऐकलं. पोलिसांच्या वेशात लोकांना लुबाडणारी टोळी मढच्या एका बंगल्यावर जमणार अशी खबर होती. खास पथकाने छापा घातला. टोळीचा म्होरक्या असल्याचा संशय असलेला शिवदास नावाचा इसम हत्यार काढताना गोळी लागून मरण पावला. त्याच्या अंगावर खात्याची अस्सल वर्दी होती.

विरोधी बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अहो, तिथे सीरियलचं शूटिंग चाललं होतं. हत्यार लाकडाचं होतं." मग हशा झाला. बराच वेळ चालला तो. शेवटी दोन्ही बाजूंच्या आमदारांची एक समिती नेमली.

मंत्री पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते. बाकी सगळ्यांच्या अंगावर ड्रेसवाल्याची भाड्याची वर्दी, मग याच्याच अंगावर खरी कशी? शूटिंगच्या आडून टोळी चालत असली पाहिजे.

खरी कशी ते तुला माहीत आहे. तू सहायक फौजदार झालास, वर्दीचे नवे जोड शिवलेस, तेव्हा जुना जोड तूच आमच्याकडे घेऊन आलास. नावाची पट्टी आणि बक्कल काढून घेतलंस आणि ह्यांना म्हणालास, "भावोजी, तुमचं माझं माप एक. त्या ड्रेसवाल्याच्या फडक्यात किती वर्षं मागे उभे राहणार?" मग स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून कसं बसायचं ते शिकवलंस. पाठ ताठ, टोपी गुडघ्यावर, साहेब आला की उठून टाच जुळवायची. अक्षता बापाकडे बघून हसून हसून दमली. त्यानंतर शूटिंगला ह्यांना पुढे उभं करायला लागले. एकदा वाक्यसुद्धा मिळालं, "गाडी तयार आहे, सर." सगळ्या बिल्डिंगला सांगून आले.

शवागाराबाहेर तू मला बाजूला घेतलंस तेव्हा मला वाटलं, तू रडशील. तू म्हणालास, "ताई, वर्दीचं कुणाकडे बोलू नकोस." त्यानंतर विचारलंस, "अक्षता कुठे आहे?" खांदा द्यायला तू नव्हतास. अग्नी अक्षताने दिला.

आई आता माझ्याकडेच असते. रोज विचारते, "जयवंत कित्या येना नाय?" मी सांगते, ड्युटी आहे. तुझं नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. समितीपुढे तूच सांग.

वनमालाताई


१८ जुलै

जयवंत,

काल माझी साक्ष झाली. विधान भवनात मी पहिल्यांदाच गेले. लांब टेबल, प्रत्येकापुढे माइक आणि बिस्किटांची बशी. अध्यक्षबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "पाणी घ्या. सावकाश बोला."

एका आमदारांनी विचारलं, "मिस्टर कुठल्या पिक्चरमध्ये होते?" मी नावं सांगितली.

"हे तर आम्ही पाहिलेत. कुठे होते त्यात?"

"मागे."

"मागे म्हणजे?"

"हिरो बोलतो ना, त्याच्या मागे."

दुसरे आमदार म्हणाले, "म्हणजे आयुष्यभर पोलीस झाले आणि शेवटी पोलिसांनीच..." तिथे थांबले. पहिल्याने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलताना दिसत होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे कामकाजात घेऊ नका." टाइप करणाऱ्या मुलीने बोटं उचलली.

मग पथकाचे साहेब बोलले. तेच, ज्यांच्या हाताखाली तू पूर्वी होतास. घाईने बोलत नाहीत. म्हणाले, "मॅडम, चहाची सुट्टी होती. आम्ही साध्या कपड्यांत कुंपणापाशी होतो. बाकीचे पोलीस बघताक्षणी खोटे वाटत होते. कुणाची टोपी मागे, कुणी पाय पसरून आडवा. हा एकटा नीट बसला होता. म्होरक्या हा खात्यातून काढलेला हवालदार आहे, अशी आमची खबर होती. मी 'हात वर' म्हणालो. हा उठला, टाच जुळवली आणि हात कमरेला नेला. एवढी शिस्त शूटिंगवाल्यांत नसते."

म्हणजे तू शिकवलेलं सगळं ह्यांना नीट लक्षात होतं. साध्या कपड्यांतली माणसं बघून ह्यांना वाटलं असेल, दुसऱ्या बाजूचे कलाकार आले, तालीम आहे. ड्रेसवाला मला म्हणाला, गोळीचा आवाज झाल्यावर असिस्टंट ओरडला, "अरे, टेक नाहीये."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही वर्दी कुठून आली?" मी सांगितलं, माझ्या भावाची. मग साहेबांनी तुझा लेखी जबाब वाचून दाखवला. "मी माझी वर्दी कधीही कोणास दिलेली नाही. मयत हा माझ्या बहिणीचा नवरा असून आमचे येणेजाणे नाही."

येणेजाणे नाही. अक्षता तापाने फणफणली होती तेव्हा तुझ्या मोटरसायकलवर तिला मधे बसवून कुणी नेलं होतं, हे मी सांगायला लागले तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण त्यासाठी सख्ख्या भावाला अडकवू नका."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवरा गुंड आणि बायको खोटारडी, असं.

वनमाला


१३ ऑगस्ट

जयवंत,

समिती मढला जाऊन आली. मलाही नेलं होतं. बंगल्यावर दुसऱ्याच सीरियलचं शूटिंग चालू होतं, लग्नाचा सीन होता. आमदारांनी नवरीबरोबर फोटो काढले. प्रॉडक्शनवाल्यांनी सगळ्यांना कांदाभजी दिली.

मग जागा बघितली. खुर्ची ठेवली. तिथे बसायला कुणी तयार होईना, जो तो दुसऱ्याला पुढे करत होता. साक्षीत पिक्चरचं विचारणारे तेच आमदार म्हणाले, "बाई, तुम्हीच बसता का जरा? उंचीचा अंदाज येईल."

मी बसले.

साहेब कुंपणापाशी करवंदीच्या जाळीमागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी बोट सरळ माझ्याकडे धरलं. "इथून दिसतं, मॅडम. स्वच्छ दिसतं." अध्यक्षबाईंनी मला सांगितलं, "थोडं ताठ बसा." मी ताठ बसले. साहेब म्हणाले, "आता बरोबर."

परत येताना बोटीत कुणीतरी मला विचारलं, तुम्ही कुठल्या पक्षाच्या.

तुझं उत्तर नाही. पत्रं पोचतात हे मला माहीत आहे, सुगंधाने सांगितलं. तू वाचतोस आणि कपाटावर ठेवतोस म्हणाली.

वनमाला


१९ सप्टेंबर

चि. जयू,

मागच्या पत्रांत मी फार कडू लिहिलं. ते मनातून काढून टाक. तू घाबरलास, एवढंच झालं. लहानपणीसुद्धा तू घाबरलास की आधी नाही म्हणायचास आणि मग माझ्या पदराआड यायचास.

अध्यक्षबाईंचा स्वीय सहायक प्रीतम शाळेत येऊन गेला. तरुण मुलगा, बोलायला मोकळा. माझ्या टेबलाशी बसून चहा घेतला. म्हणाला, "ताई, एक स्पष्ट विचारू का? तुम्हाला साहेबांना शिक्षा हवी की मिस्टरांचं नाव स्वच्छ हवं? दोन्ही नाही मिळत. समितीत जास्त माणसं सरकारची आहेत."

मी म्हटलं, "नाव."

"मग भावाला आणा. त्याने वर्दी दिल्याचं कबूल केलं की टोळीबिळी सगळं संपलं."

मी विचारलं, "त्याला काही होईल का?" त्यावर त्याने बरंच समजावलं. थोडक्यात सांगायचं तर समितीपुढे जे बोललं जातं त्याला कायद्याचं संरक्षण असतं. तू बोललास म्हणून तुझ्यावर कुणी खटला घालू शकत नाही. बाकीचं इथे लिहीत बसत नाही, भेटलास की बोलू.

इथलं कळवते. ज्युनियर आर्टिस्टांच्या संघटनेने ह्यांचा फोटो ऑफिसात लावला नाही, निकाल लागू दे म्हणाले. सोसायटीतली मुलं चोर-पोलीस खेळतात, तेव्हा चोरांच्या म्होरक्याला शिवदास म्हणतात. मुद्दाम नाही रे, त्यांना तेच नाव ऐकून माहीत. काल खिडकीखाली एक पोरगा ओरडत होता, "मी नाही शिवदास होणार, मी कालच झालो होतो." अक्षताने खिडकी लावून घेतली.

तिला मामाची आठवण येते. तुझ्याबद्दल ती एकही वाईट शब्द बोलत नाही. बोलू देत नाही.

तब्येतीला जप. गोळ्या चुकवू नकोस.

तुझी ताई


१५ ऑक्टोबर

चि. जयू,

भाऊबीजेला जेवायला ये. वर्ष झालं नाही, यंदा आम्हाला सण नाही, पण भावाला ओवाळायला मला कोण अडवणार? आईच्या हातची वडे-सागोती होणार नाही, माझ्या हातचे काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे होतील. आई चार दिवस आधीपासून तुझी थाळी बाजूला काढून ठेवणार आहे, तिला नाही म्हणता येत नाही.

साक्षीचं काही बोलायचं नाही, असं तू सुगंधाजवळ म्हणालास म्हणे. नाही बोलणार. तू फक्त ये.

ताई


२५ ऑक्टोबर

चि. जयू,

तू आलास, जेवलास, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलास. बरं वाटलं. बारीक झालायस.

तबकात साडी ठेवलीस तेव्हा मी ती परत दिली आणि दुसरं मागितलं, याचा राग आला असेल. साक्षीचं बोलणार नाही असं मी लिहिलं होतं, तेही तुला आठवलं असेल. पण ओवाळणीत बहीण काय मागेल ते आधी ठरवून घेता येत नाही. आई समोर होती हे खरं. ती, "बहीण मागता हा तर दी रे बाबा," म्हणाली ते तिच्या मनाने. तिला समिती काय, साक्ष काय, काही कळत नाही. तिला वाटलं मी काहीतरी वस्तू मागतेय.

तू आईकडे बघून हो म्हणालास. माझ्याकडे बघून म्हणाला असतास तर जास्त बरं वाटलं असतं, पण हो ते हो.

प्रीतमला कळवलं आहे. तुला पुढच्या महिन्यात बोलावतील. तिथे थोडकं बोल. वर्दी मी दिली. भावोजी कलाकार होते. कसं बसायचं, कसा सलाम करायचा ते मी शिकवलं. आधीचा जबाब भीतीपोटी दिला. साहेबांनी द्यायला लावला, असं म्हणू नकोस. त्याने गुंता वाढतो आणि सरकारच्या बाजूचे आमदार बिथरतात. ते सगळं तू आपल्या अंगावर घे.

वकिलाला विचारू नकोस. वकील आला की समितीला वाटतं, लपवायचं आहे. सुगंधालाही आत्ता सांगू नकोस, ती घाबरट आहे, रडून तुझा विचार बदलेल.

अक्षताने तुला दिलेला डबा रिकामा परत पाठवू नकोस, आई मानते ते. दोन साखरेचे दाणे टाकून दे.

ताई


२१ नोव्हेंबर

चि. जयू,

छान बोललास. मला आत बसू दिलं नाही, पण प्रीतमने नंतर सगळं सांगितलं.

तू वर्दीत गेलास ते ऐकून मला जरा आश्चर्य वाटलं. मी साधे कपडे सांगणार होते, राहून गेलं. एक आमदार म्हणाले म्हणे, "हीच ती, की अजून आहेत वाटायला?" तू हसलास का त्यावर? प्रीतम म्हणाला, तू हसलास. मग अध्यक्षबाईंनी तुला विचारलं, मयताला कसं बसायला शिकवलं ते दाखवा, आणि तू तिथे त्या खुर्चीत पाठ ताठ करून, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलास. आणि रडायला लागलास. कुणीतरी तुझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

शवागाराबाहेर रडला असतास तर मी तुला धरलं असतं.

बाहेर आलास तेव्हा मी लिफ्टपाशी होते. तू म्हणालास, "ताई, झालं ना आता तुझ्या मनासारखं?" मी, "घरी जा, उशीर झालाय," म्हटलं. गर्दी होती, तिथे काय बोलणार. तू माझ्या पाया पडायला वाकलास, तेवढ्यात लिफ्ट आली आणि मी आत गेले. मुद्दाम केलं असं समजू नकोस.

साहेबही तिथेच होते. त्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवलेला मी बघितला. "चांगलं केलंस, जयवंत," म्हणाले. खूश दिसले. ते का खूश आहेत, हे तुझ्या लक्षात आलं नाही का रे?

ताई


१३ डिसेंबर

जयवंत,

नागपूरला समितीचा अहवाल पटलावर ठेवला. चर्चा झाली नाही, वेळ नव्हता. प्रीतमने प्रत पाठवली.

ह्यांच्याबद्दल असं लिहिलंय: "मयत शिवदास हे चित्रपट व मालिकांत काम करणारे कलाकार होते. त्यांचा कोणत्याही गुन्हेगारी टोळीशी संबंध नव्हता, असे समितीचे स्पष्ट मत आहे." मंत्र्यांनी उभं राहून आधीचं निवेदन मागे घेतलं. ह्यांच्या नावाआधी "श्री" म्हणाले.

मी ते पान संघटनेच्या ऑफिसात नेऊन दिलं. फोटो लागला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले. आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "आता जयवंत येतलो ना?" मी म्हटलं, बघू.

तुझ्याविषयी पुढच्या परिच्छेदात आहे. एका पोलीस कर्मचाऱ्याने बेकायदेशीरपणे वर्दी बाहेर दिल्यामुळे, तसेच पोलिसी वागणुकीचे प्रशिक्षण दिल्यामुळे पथकाची दिशाभूल झाली, कारवाई फसली आणि एका निरपराध व्यक्तीचा जीव गेला. त्याला तो कर्मचारी सर्वस्वी जबाबदार आहे. त्याच्यावर कठोर कारवाई व्हावी. पथकाच्या अधिकाऱ्यांनी उपलब्ध माहितीनुसार सद्भावनेने निर्णय घेतला. खाली दोन्ही बाजूंच्या सगळ्या आमदारांच्या सह्या आहेत, एकाचंही वेगळं मत नाही.

खबर कुणी दिली, ती खरी की खोटी हे कुणी तपासलं का, आणि शूटिंगची परवानगी पोलीस ठाण्याच्या फायलीत असताना ती का बघितली नाही, यावर अहवालात एक ओळही नाही. मी दोनदा शोधलं.

प्रत तुला खात्यातून मिळेलच.

वनमाला


२६ फेब्रुवारी २०२६

जयवंत,

ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. तुझं पत्र त्याच्या आदल्या दिवशी आलं. तुझं पहिलंच पत्र. अक्षर अजून तसंच आहे, ओळ संपत आली की वर चढतं.

निलंबन झालं, चौकशीत बडतर्फी होणार हे नक्की, लाइनीतली खोली सोडावी लागली, आता मानखुर्दला भाड्याने राहता. सुगंधा माहेरी गेलीय. साहेब फोन उचलत नाहीत, त्यांना बढती मिळाली. हे सगळं वाचलं.

तू विचारलंयस, "ताई, तुला माहीत होतं का?"

होतं. प्रीतमने त्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून जे बरंच समजावलं, ते असं. "ताई, गोळी सुटली, माणूस गेला, मग अहवालात कुणीतरी लागतंच. साहेब मोठे आहेत, ते त्यात बसणार नाहीत. लहान माणूस मिळाला तर दोन्ही बाजू सही करतील आणि मिस्टरांचं नाव मोकळं होईल." मी संरक्षणाचं विचारलं. तो म्हणाला, "संरक्षण बोललेल्या शब्दांना असतं. कोर्टात खेचणार नाहीत. नोकरीला नसतं." मग त्याने विचारलं, "सख्खा भाऊ ना? घरी जाऊन विचार करा."

मी त्याला तिथेच सांगितलं, तो येईल.

तू म्हणतोस, मारलं साहेबांनी आणि सूड माझ्यावर. साहेबांनी एका अनोळखी माणसाला मारलं. तू ओळखीच्या माणसाला येणेजाणे नाही म्हणालास. मला दोघांतला एकच मिळणार होता आणि ज्याच्यापर्यंत माझा हात पोचत होता तो मी घेतला. साहेबांना मी ओवाळू शकत नव्हते.

मयताच्या पत्नीची काही तक्रार नाही, असा अर्ज दिला तर शिक्षा कमी होईल असं चौकशी अधिकाऱ्याने तुला सांगितलंय. खरं आहे ते, मीही विचारून आले. मी अर्ज देणार नाही.

अक्षताला सगळं कळलं. तू तिला सांगितलं नाहीस, हे मला माहीत आहे. माझी पत्रं सुगंधाने तिला वाचायला दिली, उरलेलं तिने मलाच विचारलं. ती मुलुंडला मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "आई, मामा घाबरट आहे. तू काय आहेस ते मला सांगता येत नाही." तिने तुझ्यासाठी स्वतःच्या सहीने अर्ज केला आहे. पण मुलीचा अर्ज त्यात चालत नाही, पत्नीचाच लागतो. तेही मी विचारून घेतलं.

आईला मी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुका ह्यां कोणी शिकवलां?" रात्री जेवली नाही. आज सकाळी जेवली.

तू शेवटी लिहिलंयस, भावोजी असते तर त्यांनी तुला असं करू दिलं नसतं. बरोबर आहे. त्यांचा तुझ्यावर फार जीव होता. माझ्याशी भांडले असते, स्वतः जाऊन तो अर्ज देऊन आले असते आणि येताना तुला घरी जेवायला घेऊन आले असते. मीही वाढलं असतं.

ते नाहीत, जयवंत.

वनमाला